स्वस्तातलं देशी .३२ रिव्हॉल्व्हर: भरवसा ठेवावा का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे पोलीस आयुक्तालयातून परवाना मिळाला आहे, बजेट दीड लाखाच्या आत आहे आणि देशी .३२ रिव्हॉल्व्हरबद्दल विचाराल तितकी मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो ऐनवेळी दगा देतं. मग खरं कुणाचं मानायचं?

मत देणाऱ्याला आधी एवढंच विचारा, की त्यातून किती राऊंड झाडलेत? आपल्याकडे बऱ्याच परवानाधारकांचं हत्यार कपाटातून बाहेर येतं ते निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करायला, नाहीतर नूतनीकरणाला. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. शिवाय काडतूस महाग, म्हणून माणूस ती जपून ठेवतो. "इतकी वर्षं झाली, एक तक्रार नाही" असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी सहा काडतुसांचा एक पूर्ण सिलिंडरसुद्धा रिकामा केलेला नसतो. त्यांच्या कौतुकाला वजन नाही आणि ऐकीव तक्रारीलाही नाही. नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणाऱ्या दोघांचं ऐकलंत तरी पुरे.

पर्यायांबद्दल फार लिहीत नाही. नऊ मिलिमीटरसारखे बोअर, म्हणजे नळीची मापं, साध्या परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून गाडी .३२ वर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुन्या ब्रिटिश वेब्ली धाटणीचं, मधून मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर आहे. त्याच घराण्यातलं हलकं 'निर्भीक' २०१४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास किमतीला आलं. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने बनणारंही आहे. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती हत्यारांचे भाव काही लाखांत गेले आहेत. ते पैसे दुर्मिळतेचे असतात. पन्नास-साठ वर्षं जुनं हत्यार केवळ विलायती आहे म्हणून भरवशाचं ठरत नाही. 'प्रबळ'च्या जाहिरातीतल्या ५० मीटरच्या पल्ल्याकडेही बघू नका. तीन इंची नळीचं हत्यार चार पावलांवरच्या प्रसंगासाठी असतं.

आता मुख्य तक्रार. ट्रिगर जड आहे, असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो आणि ते खरं आहे. डबल अॅक्शनमध्ये एकाच ओढीत सिलिंडर फिरतो, घोडा, म्हणजे मागचा छोटा हातोडा, मागे जातो आणि सुटतो. स्प्रिंग कडक ठेवलेली असते ती काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे प्रायमरवर, पिनचा ठोका पुरेसा जोरात बसावा म्हणून. लोक काय करतात, तर कुणाकडून तरी स्प्रिंग कापून किंवा घासून ट्रिगर "मऊ" करून घेतात. ठोका हलका पडतो, राऊंड उडत नाही आणि मग गावभर सांगत सुटतात की देशी माल आहे, मिसफायर होतो. कृपा करून स्प्रिंगला हात लावू देऊ नका. दुरुस्ती करायचीच झाली तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच. आर्म्स अॅक्ट, १९५९ प्रमाणे तोही परवाना लागतो.

राऊंड उडाला नाही तर दोष कुणाचा, हे तो राऊंडच सांगतो. नळी लक्ष्याच्या दिशेने धरून तीसेक सेकंद थांबा, उशिरा पेट घेणारे राऊंड असतात. मग तो काढून आधी उडालेल्या राऊंडच्या रिकाम्या पितळेशेजारी, म्हणजे खोळीशेजारी, उभा धरा. टोपीवरचा खड्डा उथळ किंवा एका बाजूला सरकलेला असेल, तर हत्याराची चूक. दोन्ही खड्डे सारखेच खोल असतील, तर काडतुसाची. सिलिंडरच्या सहा घरांपैकी एकावर पेनने खूण करून ठेवा. अडचण दर वेळी त्याच घरात येत असेल तर बिल आणि राऊंड घेऊन विक्रेत्याकडे जा. नुसतं "चालत नाही" म्हणून सांगण्यापेक्षा हा पुरावा कामाचा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढचा राऊंड नळी फोडू शकतो.

दुसरी तक्रार "सिलिंडर मध्येच अडतो" ही. रेंजवर एका ओळखीच्या गृहस्थांचं हत्यार तिसऱ्या सिलिंडरला अडलं. कंपनीवर आगपाखड सुरू झाली होती. उघडून पाहिलं तर रिकामी पितळं उचलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या बारुदाचे दोन-चार कण. चांदणी केसभर उचलली गेली आणि सिलिंडर मागच्या पत्र्याला घासू लागला. टूथब्रश फिरवला, काम झालं. अर्धवट बसलेली टोपीसुद्धा हेच करते, म्हणून भरताना प्रत्येक राऊंडच्या तळावरून बोट फिरवायचं.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला सांगून, हत्यार रिकामं आहे हे दोघांनी पाहून, एवढं तपासा. घोडा अगदी सावकाश मागे घ्या. तो शेवटी अडकण्याआधी सिलिंडर जागेवर बसून कुलूप झाला पाहिजे, सहाही घरांवर. सिलिंडर आणि नळीमधली फट पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, फिरवताना ती सारखी दिसली पाहिजे. मोडून उघडणारं असेल तर मूठ पकडून नळी हलवा, बिजागरीत खडखड नको. देशी मालात एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक सापडतो, त्यामुळे दुकानदार दुसरा नग दाखवायला तयार असेल तर दोन्ही हाताळा. माझ्या मते मॉडेल कोणतं यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम जास्त मोलाचं आहे.

काडतुसांचं म्हणाल तर आपण पुणेकर उगमाशीच बसलो आहोत. तळावर केएफ असा शिक्का असतो तो खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीचा. हा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि २०२१ नंतर म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेला. .३२ लाँगचं हे काडतूस मुळातच सौम्य आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. त्यामुळे "ताकद नाही" हा रिव्हॉल्व्हरचा दोष म्हणून कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

शेवटचं, पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर हत्यार चामड्याच्या म्यानात कपाटात पडून राहिलं की चामडं ओल धरतं, लोखंडावर गंजाचे ठिपके येतात आणि पितळ हिरवं पडतं. चामडं फक्त अंगावर वापरायचं, ठेवताना कोरड्या सुती कापडात. तेलाचा हात हलकाच ठेवा, कारण जास्त झालेलं तेल सिलिंडरच्या घरात उतरून टोपीत झिरपलं तर चांगला राऊंडही मरतो. वर्ष संपत आलं की जुने राऊंड रेंजवर झाडा आणि नव्या कोट्यातले भरून ठेवा. दुकानात जाऊन आलात की कोणते दोन नग पाहिलेत ते इथे लिहा, सहाही घरांचं काय झालं तेही.