शुद्ध गणिताच्या नियतकालिकाचा अभ्यास : सुरुवात अशी करा

'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकातले निबंध आणि त्यांची उद्धरणं (इतरांनी दिलेले संदर्भ) अभ्यासायची, विषय छान निवडलात. पण ते १८८४पासून निघतंय, सगळं एकदम घेऊ नका. आधी दहाच वर्षं.

– दोन वर्षांच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर (मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी) विसंबू नका, ही नवख्यांची पहिली चूक. गणितात निबंध वाचून पचायलाच वर्षं जातात, उद्धरणं त्यानंतर येतात. मॅथसायनेट या गणिती निबंधांच्या ऑनलाइन सूचीचा एमसीक्यू हा तसाच उद्धरणांचा आकडा मागची पाच वर्षं धरतो, तो बघा.
– उद्धरणांच्या सरासरीसोबत मध्यक काढाच. एकदोन गाजलेले निबंध सरासरी फुगवतात.
– संशोधनाचा कल शीर्षकांतल्या शब्दांवरून नको, एमएससी (गणितातल्या विषयांचं वर्गीकरण) संकेतांकांवरून ठरवा : ११ संख्या सिद्धांत, १४ बैजिक भूमिती.

गूगल स्कॉलर आणि मॅथसायनेटचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. दोघांची मोजणी वेगळी. सहलेखकांची जाळी वगैरे नंतर बघू.