प्रतिकारशक्ती ‘खच्ची’ होते का?

प्रश्न असा आहे: एका लेखात ‘कृत्रिम इस्ट्रोजेनच्या संपर्कामुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची होते’ असं वाक्य आलंय. इथे ‘खच्ची’ चालेल, की साधं ‘कमी होते’ म्हणावं?

‘खच्ची’ नको. ‘कमी होते’सुद्धा मला पटत नाही, पण त्याकडे नंतर येतो.

बैल खच्ची करणे म्हणजे त्याचे वृषण निकामी करणे. हिंदीतला ‘खस्सी’ हा त्याचाच भाऊबंद. मनोधैर्य खच्ची होणं, कार्यकर्त्यांचं खच्चीकरण हे सगळे लाक्षणिक वापर मागाहून आले, आणि ते वाचताना मूळ अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही. पण वाक्य प्राण्यांबद्दल असलं आणि विषय इस्ट्रोजेन या मादीच्या लैंगिक संप्रेरकाचा (हॉर्मोनचा) असला, की झोपलेला मूळ अर्थ जागा होतो. मग पंचाईत अशी की वाक्य शास्त्राच्या नेमकं उलट बोलू लागतं.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. प्रयोगशाळेतला प्राणी खच्ची केला की ही ग्रंथी वाढते. वयामुळे सुकत चाललेली असली तरी पुन्हा भरते. उलट इस्ट्रोजेन टोचलं की ती आक्रसते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणजे शब्दशः घेतलं तर ‘खच्ची’ प्राण्याची थायमस चांगली धष्टपुष्ट!

कुणी म्हणेल, इस्ट्रोजेन नराला एका परीने खच्ची करतंच की. खरंय. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी 1941 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवर ते याच हेतूने वापरलं होतं, कारण त्याने वृषणातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं लैंगिक संप्रेरक, घटतं. पण थायमस तरीही आक्रसतेच. इस्ट्रोजेनचा घाव तिच्यावर थेट पडतो.

या ग्रंथीचं विश्वकोशातलं मराठी नाव पाहिलंय का? ‘यौवनलोपी ग्रंथी’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही तारुण्याचा लोप करते की काय! अर्थ उलटा आहे: यौवनात जिचा लोप होऊ लागतो ती. वयात येताना लैंगिक संप्रेरकं वाढतात आणि ग्रंथी ओसरू लागते. शब्द थोडा फसवा, पण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्या पोटात आहे.

आता ‘कमी होते’. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी असल्यासारखं आपण बोलतो, वाढली किंवा घटली. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचं उदाहरण घ्या. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत ते टोचलेल्या उंदराच्या पिल्लांमध्ये, मोठेपणीही, कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशी मंदावलेल्या आढळतात. औषध कधीच थांबलेलं असतं, परिणाम मात्र राहतो. मोठ्या उंदरांना दिलं तर लिस्टेरिया जिवाणूंचा संसर्ग त्यांना जड जातो. इथवर ‘कमी’ ठीक. पण त्याच उंदरांतल्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी उलट जास्त गिळू लागतात. आणि ल्यूपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार उपजतच होणाऱ्या उंदरांच्या जातीत इस्ट्रोजेनने अशी उलटणारी प्रतिपिंडं वाढतात, आजार बळावतो. एक हात लुळा पडला आणि दुसरा मोकाट सुटला, याला ‘कमी’ कसं म्हणणार? मी ‘घडी विस्कटते’ म्हणेन. एखाद्या विशिष्ट पेशीबद्दल बोलत असाल तर ‘मंदावते’, ‘दबते’ खुशाल वापरा.

‘संपर्क’ही खटकतो. रोगी माणसाचा संपर्क होतो, सांडपाण्यातल्या रसायनाशी माशांचा होतो. प्रयोगात मोजून सुईने टोचलेल्या द्रव्याचा कसला संपर्क? ‘दिल्यामुळे’ म्हणा, झालं.

‘कृत्रिम’ मात्र राहू द्या. कृत्रिम हसू, कृत्रिम दागिने यांमुळे शब्दाला खोटेपणाचा वास लागलाय, आणि हे द्रव्य तर मुळीच लटकं नाही. एडवर्ड डॉड्स आणि सहकाऱ्यांनी 1938 मध्ये बनवलेलं डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल रचनेने नैसर्गिक इस्ट्रोजेनसारखं स्टेरॉइडसुद्धा नाही, तरी पेशीत इस्ट्रोजेनसाठी असलेल्या जागी घट्ट बसतं. पण ‘कृत्रिम’ऐवजी ‘संश्लेषित’ लिहिलं तर निम्मे वाचक तिथेच थांबतील.

जाता जाता: ‘इस्ट्रोजेन’मधला ‘इस्ट्र’ ग्रीक ‘ओइस्ट्रोस’वरून आला, म्हणजे गुरांना डसून उधळवणारी गोमाशी. त्यावरून मादीचा माज, आणि माज आणणारं ते इस्ट्रोजेन. मराठी करायचंच तर ‘माजजनक’. लेखात वापरा असं सांगणार नाही, पण ‘खच्ची’च्या शेजारी शोभला असता.

तर वाक्य असं करता येईल: ‘कृत्रिम इस्ट्रोजेन दिल्यावर प्रयोगशाळेतल्या उंदरांची थायमस आक्रसते आणि रोगप्रतिकारशक्तीची घडी विस्कटते.’