‘अनरेडी’ राजाला मराठीत काय म्हणावे?

इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या ‘द अनरेडी’ या बिरुदासाठी मराठीत ‘बेसावध’ लिहावे की ‘अतत्पर’, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द दिशाभूल करतात, कारण या ‘अनरेडी’चा तयार असण्या-नसण्याशी मुळात संबंध नाही.

जुन्या इंग्रजीत ‘रॅड’ म्हणजे सल्ला, मसलत, आणि ‘एथेल’ म्हणजे कुलीन, थोर. त्यामुळे ‘थोर मसलतीचा’ असा अर्थ असलेल्या नावापुढे ‘अनरॅड’, म्हणजे कुमसलत, हा शब्द ठेवला की चांगलीच बोचरी कोटी साधते. ती लेखी सापडते मात्र बाराव्या शतकाच्या अखेरीस, राजा 1016 मध्ये वारल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. पुढे ‘रॅड’ बोलण्यातून गेला आणि लोकांनी ओळखीचा ‘रेडी’ त्या जागी बसवला. वाचणे या अर्थाचा ‘रीड’ त्याच कुळातला असून आपल्या ‘आराधना’तील ‘राध्’ धातूशीही त्याचे नाते सांगितले जाते.

हा शब्द राजाला चिकटावा, अशी त्याची कारकीर्द खरोखरच होती. सावत्र भाऊ एडवर्डचा 978 मध्ये कॉर्फ येथे खून झाला, तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांचा एथेलरेड गादीवर आला. 991 मध्ये मॉल्डनच्या लढाईतील पराभवानंतर समुद्रमार्गे चाल करून येणाऱ्या व्हायकिंगांना 10,000 पौंड खंडणी द्यावी लागली, ती 1012 पर्यंत 48,000 वर गेली. राज्यातील डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांना ठार मारण्याचा 1002 मधील हुकूम तर आपण सरदारांच्या सल्ल्यानेच काढला, असे त्याच्या एका सनदेत नोंदलेले आहे. अँग्लो-सॅक्सन बखरीत 1011 सालाखाली हाच शब्द अनेकवचनात येतो: ही सारी संकटे ‘अनरॅडां’मुळे ओढवली, कारण वेळेवर ना खंडणी देऊ केली, ना लढाई दिली. तेथे रोख एकट्या राजावर नसून एकूण कारभारावर आहे, हे विसरू नये.

मी ‘दुर्मंत्रित’ हा शब्द सुचवतो. ‘मंत्र’ म्हणजे मसलत हा जुना अर्थ ‘मंत्री’मध्ये आजही जिवंत आहे, आणि ‘दौर्मन्त्र्यान्नृपतिर्विनश्यति’ (कुमसलतीने राजाचा नाश होतो) हे भर्तृहरीचे वचन अनेकांच्या कानावर असते. कोटीही राखायची असेल, तर ‘सुमंत्र दुर्मंत्रित’ म्हणता येईल. फक्त नावाचे भाषांतर न करता ‘दुर्मंत्रित एथेलरेड’ असे लिहून अर्थ तळटीपेत देणे मला अधिक बरे वाटते.