सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. काय बघू?

बॅटरीचे पैसे बहुतेक वाया गेले तुमचे. सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर आपलं काम करतायत. रखडत, दम लागल्यासारखा फिरत असता तर गोष्ट वेगळी होती. पेट्रोल गाडीत यापुढे तीनच गोष्टी उरतात: पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (इंजिनात हवा-पेट्रोल दाबलं जाणं), तेही वेळेवर. (डिझेल असेल तर यातलं बरंचसं लागू नाही.)

मी मेकॅनिक नाही. पण एका जुलैत, सकाळी सहाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच भोगलंय. माझी जुनी सीएनजी हॅचबॅक. फोनवर गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, ‘बॅटरी गेली असेल.’ तेवढ्यात शेजारचे काका छत्री घेऊन आले आणि म्हणाले, आधी सेल्फ मारणं थांबव. पंखा बंद, टेप बंद, नुसती चावी ऑन कर आणि ऐक.

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘झूंऽऽ’ असा आवाज यायला हवा. तो टाकीतला पेट्रोल पंप, लाइनमध्ये प्रेशर भरतो. माझ्याकडे रिलेचा (पंपाला करंट देणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ आला, पुढे शांतता. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. तेव्हा काकांनी पायातली रबरी चप्पल काढली, खाली वाकून टाकीच्या बुडाला चार-पाच फटके हाणले आणि ओरडले, ‘मार आता!’ गाडी चालू! अडकलेला पंप असा कधी कधी जागा होतो, पण तेवढ्यात गॅरेज गाठायचं, भरवशावर राहायचं नाही. आणि हो, लोखंडी हातोडा अजिबात नको.

दोष माझाच होता. सीएनजी स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने रिझर्व्हवर. पंप टाकीत बुडालेला असतो, त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर धावताना पंपही चालूच असतो. कोरडा फिरून फिरून जळतो. आणि गाडी सुरू होते पेट्रोलवरच, मग गॅसवर जाते. म्हणजे गॅसचा सिलेंडर भरलेला असूनही तुम्ही रस्त्यावर. आता मी पाव टाकी कायम ठेवतो.

पंपाचा आवाज येत असेल, तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्या. खास करून गाडी गरम असताना बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, असं होत असेल तर. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, म्हणून स्कॅनर लावून खात्री करा. स्कॅनरवर दिसणारा पी०३३५ हा एरर कोड त्याच सर्किटचा. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा.

काल गाडी नुसती पार्किंगमधून हलवून लगेच बंद केली होती का? मग ठिणगी देणारे स्पार्क प्लग पेट्रोलने ओले झाले असतील. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत तेवढा वेळ पेट्रोल तुटतं आणि आतलं वाळतं. एका वेळी पाच-सात सेकंदच, मग अर्धा मिनिट दम.

बॉनेट उघडून वायरिंगही बघा. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात, लेंड्या दिसल्या की समजायचं.

दोन परिस्थितींत मात्र सेल्फला हातही लावू नका. इंजिन नेहमीपेक्षा सुळसुळीत, एकसारखं, बिनताल फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) तुटलेला असू शकतो; बऱ्याच इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. आणि गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर थेट टोइंग. इंजिनाच्या सिलेंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि तो खर्च बॅटरीच्या कैक पट असतो.

तुमची गाडी सीएनजीची आहे का आणि चावी ऑन केल्यावर तो ‘झूंऽऽ’ येतो का, एवढं खाली लिहा, मग पुढचं बोलू.