हिरोशिमा-नागासाकीवरचा लघुप्रबंध दोन विभागांत अडकला असेल तर

तुमचा प्रश्न वाचून माझं एम.ए.चं वर्ष आठवलं. अणुबॉम्ब टाकून युद्ध संपवणं नैतिक होतं का, हा विषय घेतलात आणि विभागाने 'हा इतिहास की नीतिशास्त्र ते आधी ठरवा' असा शेरा मारून आराखडा परत केला. माझ्या आराखड्यावरही जवळपास हाच शेरा होता. (मी प्राध्यापक नाही, तुमच्या विद्यापीठाचे नियमही वेगळे असू शकतील.)

घटनाक्रम (६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमा, ९ ऑगस्टला नागासाकी) तुम्हाला ठाऊक असणारच, तो सोडतो.

आमच्याकडे इतिहासवाले म्हणायचे, योग्य-अयोग्य ठरवणं आमचं काम नाही. तत्त्वज्ञानवाले म्हणायचे, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांच्यापुढे कुठले कागद होते ते शोधणं आमचं काम नाही. या टोलवाटोलवीत अख्खं शैक्षणिक वर्ष गेलं. फाइल कुणाकडे आहे हेसुद्धा कार्यालयात कोणी धड सांगत नसे. शेवटी तोडगा निघाला तो असा : 'बॉम्ब टाकला नसता तर दहा लाख अमेरिकन सैनिक मेले असते, एवढं गृहीत धरा आणि पुढचं नीतिशास्त्र लिहा.' त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण सगळा वाद त्या गृहीतकातच आहे!

दहा लाखांचा आकडा लोकांच्या मनात ठसला तो अमेरिकेचे युद्धकाळातले युद्धमंत्री स्टिम्सन यांच्या १९४७च्या लेखामुळे, आणि त्यात जखमीही धरले होते. जून १९४५मध्ये अमेरिकन लष्करी नियोजकांच्या एका अंदाजात जपानवरच्या आक्रमणातल्या अमेरिकन मृतांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. तोच अंदाज खरा ठरला असता असं मी म्हणत नाही. ओकिनावा या जपानी बेटावरच्या लढाईत जी प्राणहानी झाली त्यानंतर भीती वाटणं साहजिक होतं. पण निर्णयाच्या वेळी काय माहीत होतं आणि कोणते मार्ग खुले होते, हे न तपासता निर्णयाची नैतिकता तपासता येत नाही.

'बॉम्ब किंवा आक्रमण' ही जोडीही तशीच गृहीत धरू नका. क्यूशू या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटावरचं आक्रमण १ नोव्हेंबरला ठरलं होतं. तोपर्यंत सोव्हिएत रशिया युद्धात उतरणार होता, जपानची समुद्री नाकेबंदी चालू होती, शरण आल्यास सम्राटाचं पद राखण्याची हमी देता आली असती. शरणागतीच्या आवाहनाच्या स्टिम्सन यांच्या मसुद्यात तशी सूचना होती. जपानला शरण येण्यास सांगणाऱ्या २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यातून ती गाळली गेली. अर्थात हे मार्गही स्वच्छ नव्हते. नाकेबंदी म्हणजे उपासमार, आणि चीन व आग्नेय आशियात जपानी ताब्याखाली माणसं रोज मरतच होती. मार्चमध्ये टोकियोत एका रात्रीत साध्या आगबॉम्बांनी सुमारे लाखभर लोक गेले, हेही विसरू नका.

माझं ठाम मत : नागासाकीला स्वतंत्र प्रकरण द्या. बॉम्ब टाकण्याच्या २५ जुलैच्या आदेशातच लिहिलं होतं की पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत. हिरोशिमानंतर थांबून पुन्हा विचार केला आणि मग दुसरा टाकला, असं झालंच नाही. ९ ऑगस्टच्या पहाटे सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात (ईशान्य चीन) शिरल्या. त्याच सकाळी टोकियोत जपानचं सर्वोच्च युद्धमंडळ शरणागतीवर विचार करायला बसलं होतं, बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली, आणि तरी शरणागतीच्या अटींवर मंडळ तीन विरुद्ध तीन असंच राहिलं. १० ऑगस्टला ट्रूमन यांनी आपल्या स्पष्ट हुकुमाशिवाय पुढचा बॉम्ब टाकायचा नाही असं ठरवलं. म्हणजे हात आवरता येत होता. मग ८ तारखेला का नाही? १९४५ संपेपर्यंत नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसं मेली. दुसरा बॉम्ब पडला नसता तर 'अमेरिकेकडे एकच होता' असं जपानी सेनाधिकाऱ्यांना म्हणता आलं असतं, हा प्रतिवाद आहे. तो पूर्ण ताकदीने मांडा. मला तो पटत नाही.

समितीपुढे एलिझाबेथ अँस्कम यांचं उदाहरण ठेवा. १९५६मध्ये ऑक्सफर्डने ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं तेव्हा या तत्त्वज्ञ बाईंनी विरोध केला. निरपराधांना मारणं हा खूनच, एवढं म्हणून त्या थांबल्या नाहीत. बिनशर्त शरणागतीच्या मागणीवरही त्यांनी बोट ठेवलं. तत्त्वज्ञानालाच इतिहासात शिरावं लागलं, ते असं.

जाता जाता : तारखा लिहिताना टोकियो, मॉस्को की वॉशिंग्टनची वेळ ते दर वेळी नोंदवा, नाहीतर घटनांचा क्रमच उलटा होतो. आणि दुसऱ्या विभागातला सह-मार्गदर्शक आत्ताच मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.