'रनिंग मेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांत 'रनिंग मेट'साठी, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवारासोबत उपाध्यक्षपदासाठी लढणाऱ्यासाठी, कुणी 'सहउमेदवार' लिहितं, कुणी 'जोडीदार', तर कुणी सरळ 'उपाध्यक्षपदाचा उमेदवार'. यातलं नेमकं काय वापरावं?

मूळ शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. मुख्य घोड्याला वेग धरता यावा म्हणून त्याच मालकाचा दुसरा घोडा सोबत पळवत, तो रनिंग मेट. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'धावतो', त्यामुळे हा शब्द तिथल्या राजकारणात सहज रुजला. आपल्याकडे उमेदवार उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो. म्हणून 'धाव'वरून घडवलेला कोणताही शब्द मराठीत उपराच वाटणार.

'सहउमेदवार' मला पटत नाही. सहप्रवासी, सहलेखक यांतला 'सह' बरोबरीचा आहे. शिवाय एकाच निवडणुकीत उभे असलेले प्रतिस्पर्धीसुद्धा एकमेकांचे सहउमेदवारच ठरतील. इथे नातं बरोबरीचं नाही. एकजण दुसऱ्याला निवडतो, आणि मग दोघं एकाच मतावर तरतात किंवा बुडतात.

हे नेहमीच असं नव्हतं. सुरुवातीला निर्वाचकांची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची, दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणारा उपाध्यक्ष होई. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपाध्यक्ष, असा संसार झाला. १८०० मध्ये तर जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली, आणि प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्यावर निकाल लागला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचक दोन्ही पदांसाठी वेगळी मतं देऊ लागले आणि जोडीने लढण्याची वाट पक्की झाली. तरी जोडीतला दुसरा कोण हे दीर्घकाळ पक्षाचं अधिवेशनच ठरवत असे. १९४० मध्ये रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्यासाठी हट्ट धरला, तेव्हापासून निवडीचा अधिकार हळूहळू मुख्य उमेदवाराकडे आला.

आता मराठीकडे. आपल्याकडे 'जोड' हा फार कसदार शब्द आहे. जोडाक्षरात दोन अक्षरं मिळून एक होतात. जोडधंदा मुख्य धंद्याला आधार देतो. आणि 'शेतीला दुधाची जोड दिली' म्हणताना जे कमी पडतं ते भरून काढल्याचा अर्थ असतो. रनिंग मेटच्या निवडीत हे तिन्ही अर्थ आहेत. १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे तरुण, कॅथलिक केनेडी यांनी टेक्सासचे मुरब्बी सिनेटनेते लिंडन जॉन्सन यांना घेतलं. टेक्सासची २४ निर्वाचकमतं ही जोडी सुमारे ४६ हजार मतांच्या फरकाने जिंकली. केनेडींच्या तारुण्याला अनुभवाची आणि दक्षिणेची जोड मिळाली, हे वाक्य अस्सल मराठी आहे आणि अर्थालाही चोख. म्हणून माझा कौल 'जोडउमेदवार' या शब्दाला.

'जोडीदार'ही चुकीचा नाही, फक्त 'जोडीदार निवडला' म्हटलं की वाचकाच्या मनात आधी लग्न येतं. तो वापरायचा तर 'निवडणुकीतला जोडीदार' असं लिहावं. 'जोडउमेदवार' बाईंसाठीही तसाच चालतो: 'हॅरिस या बायडन यांच्या जोडउमेदवार होत्या.'

इथेच एक गंभीर चूक होते, ती 'निवड' या शब्दाने. बायडन यांनी ऑगस्ट २०२० मध्ये कमला हॅरिस यांचं नाव जाहीर केलं. त्यावर 'उपाध्यक्षपदी हॅरिस यांची निवड' असा मथळा दिला तर त्या निवडून आल्या असाच अर्थ होतो. मतदान तर नोव्हेंबरमध्ये होतं. 'उपाध्यक्षपदासाठी हॅरिस यांना उमेदवारी' लिहावं. 'पदी' आणि 'पदासाठी' यांत अख्खी निवडणूक आहे.

तसंच 'तिकीट'. आपल्याकडे तिकीट मिळतं किंवा कापलं जातं, म्हणजे पक्षाची उमेदवारी. अमेरिकेत मात्र ती पूर्ण जोडीच 'तिकीट' असते, कारण एकोणिसाव्या शतकात पक्ष आपल्या उमेदवारांची नावं छापलेली मतपत्रिका स्वतःच वाटत आणि तिला तिकीट म्हणत. तेव्हा 'केनेडी-जॉन्सन तिकीट' ऐवजी 'केनेडी-जॉन्सन जोडी' लिहिलेलं बरं.

भारताच्या संदर्भात हा शब्द वापरूच नये. आपले उपराष्ट्रपती स्वतंत्र निवडणुकीत, फक्त खासदारांच्या मतांनी निवडले जातात. फिलिपिन्समध्ये जोड्या असतात, पण मतदार दोघांना वेगवेगळी मतं देतात. २०१६ मध्ये दुतेर्ते अध्यक्ष झाले, त्यांचे सोबती कायेतानो हरले, आणि उपाध्यक्षपद विरोधी जोडीतल्या लेनी रोब्रेदो यांना मिळालं. तिथल्या बातमीत 'निवडणुकीतला जोडीदार' लिहावं. जोडाक्षरासारखा एकजीवपणा तिथे नाही, त्यामुळे 'जोडउमेदवार' अमेरिकेसारख्या पद्धतीपुरताच राखावा.