चेस्टरफील्डचा बाजार, वाकडा कळस आणि सरळ काकड्या

प्रश्न : काका, लेक इंग्लंडात शेफील्डला नोकरीला आहे. तिने आम्हाला जवळचे चेस्टरफील्ड गाव दाखवले. भर चौकात पाले ठोकून बाजार भरला होता आणि म्हणे तो आठशे वर्षांचा आहे. आपला गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार कधीपासूनचा, हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. मग त्यांच्याकडे सालासकट हिशेब कसा? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : तिकडे बाजाराला राजाची सनद लागायची आणि सनद कोणी रद्दीत घालत नाही. १२०४ साली जॉन राजाने विल्यम ब्रूअर या मर्जीतल्या सरदाराला चेस्टरफील्डची जहागीर दिली. सोबत आठवड्याला दोन बाजार, मंगळवारी आणि शनिवारी, शिवाय सप्टेंबरात आठ दिवसांची जत्रा. बाजार त्याआधीही भरतच होता. ११६५ च्या सरकारी जमाखर्चात त्याची नोंद सापडते. म्हणजे सनद नंतर आली, वसुली आधीपासून होती. माझी हयात बाजार फी गोळा करण्यात गेली, त्यामुळे मला याचे अजिबात नवल वाटत नाही.

बाजाराचा हक्क म्हणजे काय, तर लोकांना बसायला जागा द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. शेजारच्या जहागीरदाराने परस्पर दुसरा बाजार मांडला, तर पहिल्याची वसुली बुडणार. म्हणून तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताने अंतराचे गणित घातले. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्यातला एक तृतीयांश वेळ जायला, एक तृतीयांश बाजार करायला आणि उरलेला उजेडी घरी पोचायला. तेव्हा जवळजवळ पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार नको. सिन्नर-निफाडच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

त्या काळच्या इंग्लंडातल्या जत्रांमध्ये धंद्याचे तंटे सोडवायला तिथेच न्यायालय बसे. फिरता व्यापारी पुढच्या तारखेला हजर राहणार कसा? निकाल त्याचे बिऱ्हाड हलायच्या आत लागे. पावाचाही कायदा होता. गव्हाचा भाव चढला की पावाची किंमत तीच ठेवायची आणि वजन उतरवायचे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचे आपल्याकडे जे झाले, तेच. फक्त तिकडे किती उतरवायचे हे कायदा ठरवी आणि त्याहून कमी भरले की दंड बसे.

प्रश्न : तिथे गुरुवारी जुन्या वस्तूंचा बाजार असतो. मी एक पितळी दिवा घेतला. चोरीचा निघाला तर? — एक वाचक भगिनी, इंदिरानगर

उत्तर : ताई, १९९४ पूर्वी घेतला असतात तर निर्धास्त झोपला असतात. जुन्या इंग्रजी कायद्यानुसार रीतसर बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, उघड्यावर आणि सद्भावनेने घेतलेला माल चोरीचा निघाला तरी घेणाऱ्याचाच होई. मूळ मालकाने बाजार हिंडून आपली वस्तू शोधायला हवी होती, असा त्यामागचा युक्तिवाद. दळणवळण वाढले, त्याला काही अर्थ उरला नाही, आणि १९९४ च्या कायद्याने ती सवलत काढली. आता पावती असेल तर जपा.

प्रश्न : जुनी दुकाने आहेत तशी कशी राहिली? आमच्या भद्रकालीत तर दरवर्षी एखादा वाडा पडतो. — एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : आहेत तशी राहिलेली नाहीत. १९७० च्या दशकात तिथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, चौकाच्या एका बाजूची जुनी इमारतींची रांग पाडून मोठे खरेदी संकुल बांधायचे ठरवले होते. गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, योजना मागे घ्यायला लावली. नंतर तडजोड झाली. दर्शनी भिंती ठेवायच्या आणि मागे नवे बांधायचे. ते संकुल १९८१ मध्ये उघडले. पुढून जुना वाडा आणि आत सरकते जिने, याला वाडा वाचला असे मी म्हणणार नाही. पण चौक मोकळा राहिला, मधला १८५७ चा मार्केट हॉल राहिला आणि पाले ठोकणाऱ्यांना हुसकावले नाही. बाजार खात्याच्या माणसाला एवढे पुरते.

आणि ज्यांच्यावर दबाव आणला, ते कौन्सिल लोकांनी निवडून दिलेले होते, हेही लक्षात घ्या. १८३५ च्या कायद्याआधी इंग्लंडातल्या बहुतेक गावांत सभासदच आपले वारस सभासद नेमत. त्या कायद्याने १७८ गावांत कर भरणाऱ्यांना मत मिळाले. आपली नाशिक नगरपालिका आली १८६४ साली.

प्रश्न : चर्चचा कळस वाकडा का आहे? — इयत्ता सातवी, सिडको

उत्तर : बाळा, जवळच्या बोल्सोव्हर गावच्या लोहाराने सैतानाच्या खुराला नाल ठोकताना खिळा मांसात घुसवला, तो कळवळून उडाला आणि जाताना त्याची लाथ कळसाला लागली, असे तिथले आजोबा सांगतात. सुतार वेगळे सांगतात. कळस चौदाव्या शतकातला, आतून ओकच्या लाकडाचा. लाकूड ओले होते, आतल्या आडव्या-तिरप्या तुळया अपुऱ्या पडल्या, आणि वर शिशाचे पत्रे, सुमारे ३३ टन. दक्षिणेची बाजू उन्हाने जास्त तापते, तेही कारण देतात. उंची २२८ फूट, पीळ सुमारे ४५ अंशांचा आणि टोक साडेनऊ फूट बाजूला. आता तोच कळस गावाची ओळख आहे. फुटबॉल संघाचे टोपणनावही त्यावरूनच पडले.

प्रश्न : रेल्वेवाले स्टीफन्सन तिथलेच ना? — निवृत्त रेल्वे कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : जन्म तिथला नव्हे. आगगाडीचे जनक म्हणवले जाणारे जॉर्ज स्टीफन्सन उतारवयात चेस्टरफील्डजवळच्या टॅप्टन हाऊसमध्ये राहिले आणि १८४८ मध्ये तिथेच वारले. काकड्या वाकड्या येतात म्हणून त्यांनी काचेच्या नळ्या करवून घेतल्या आणि त्यांत सरळ काकड्या वाढवल्या. वाकड्या कळसाच्या गावात हा उद्योग! तुमचा त्यांच्याशी दुवा मुलाकडून. थळ घाटातून नाशिकला गाडी आणणाऱ्या जीआयपी रेल्वे कंपनीचे सल्लागार अभियंता त्यांचे चिरंजीव रॉबर्ट होते. जॉर्ज यांची कबर होली ट्रिनिटी चर्चमध्ये आहे. तिथवर चालणे होणार नसेल, तर पुतळा स्टेशनाबाहेरच आहे.